संमिश्र नळ आणि काळी माती

लातूरच्या उत्तरेस रेणा नदीच्या काठी रेणापूर हे तालुक्याचे गाव वसले आहे. रेणुकादेवीच्या देवस्थानामुळे ते दूरवर परिचित आहे. रेणा ही मांजरेची उपनदी असून मांजरा पुढे गोदावरीस मिळते. तालुक्यात भंडारवाडी येथे रेणेवर मध्यम प्रकल्पाचे धरण बांधलेले आहे. ह्या टापूत वर्षाकाठी साधारणतः ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरीने. उलटपक्षी, उघड्या जलाशयाच्या पृष्ठावरून एका वर्षात वाफ होऊन जाणाऱ्या पाण्याची उंची मोजली, तर ती पावसाच्या दुपटीहून अधिक भरते. हे दोन आकडे शेजारी ठेवले असता असे दिसते की, येथे पाणी साठविण्याइतकेच ते न सांडता, न आटू देता इष्ट स्थळी पोहोचविणे महत्त्वाचे आहे. हे कार्य नळाचे होय.

नळ नसला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण ह्याच जिल्ह्यात घडले आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात धनेगाव येथील मांजरा धरणातील उपयुक्त साठा संपुष्टात आला आणि लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. १२ एप्रिल २०१६ रोजी पहिली गाडी आली. तिच्या दहा टाक्यांतून सुमारे ५ लाख लिटर पाणी उतरविण्यात आले. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या सुरू झाल्या व एका खेपेस २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. हा आकडा मोठा वाटतो. परंतु ६०० मिलिमीटर व्यासाच्या नळातून सेकंदास एक मीटर ह्या मध्यम वेगाने पाणी वाहत असेल, तर पन्नास टाक्यांचे हे पाणी अडीच तासांत वाहून येते. आगगाडीस तेवढ्यासाठी सव्वातीनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करावा लागे.

बाजारात ज्यास पाइप म्हणतात, तो नळ एकाच द्रव्याचा असावा अशी सामान्य समजूत असते: लोखंडी नळ, सिमेंटचा नळ, प्लॅस्टिकचा नळ. वस्तुतः नळाकडून अपेक्षिलेली कामे परस्परभिन्न आहेत. आतील पाण्याचा दाब त्याने सोसला पाहिजे, वरील मातीचे ओझे पेलले पाहिजे, पाणी झिरपू देता कामा नये, आणि आतून पाण्याने व बाहेरून मातीने तो खाल्ला जाता कामा नये. हे सर्व गुण एकाच द्रव्यात क्वचितच एकत्र आढळतात. म्हणून ही कामे दोन किंवा अधिक द्रव्यांत वाटून दिली जातात. अशा नळास संमिश्र नळ म्हणतात. ही कल्पना मराठवाड्यास अपरिचित नाही. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, येथे सतराव्या शतकात मलिक अंबरने भूमिगत नहर बांधविली आणि पुढे पाणचक्कीसाठी खापरी नळांतून पाणी खेळविण्यात आले. खापर पाण्यास धरून ठेवते, पण आघाताने फुटते. त्यास चुन्याच्या बांधकामाचा आधार दिला म्हणजे तोच नळ पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.

आधुनिक काळातील पहिला महत्त्वाचा संमिश्र नळ म्हणजे ह्यूम नळ होय. ऑस्ट्रेलियातील वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये ही कृती शोधून काढली. पोलादी सळ्यांचा पिंजरा आडव्या साच्यात ठेवून साचा वेगाने फिरवावयाचा व त्यात काँक्रीट सोडावयाचे, एवढीच ती कृती. केंद्रोत्सारी प्रेरणेने काँक्रीट साच्याच्या भिंतीवर दाबले जाते, जास्तीचे पाणी पिळून निघते आणि दाट, भरीव भिंत तयार होते. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन करून ही कृती भारतात रुजविली; महाराष्ट्रातील कित्येक मोऱ्या आजही ह्याच जातीच्या नळांवर उभ्या आहेत. येथे सळई केवळ ताण घेते असे नव्हे. सिमेंटच्या अल्कधर्मी सहवासात पोलादावर एक अत्यंत पातळ संरक्षक पापुद्रा बनतो व गंज थांबतो. म्हणजे एक द्रव्य दुसऱ्यास बळ देते आणि दुसरे पहिल्याचे रक्षण करते. संमिश्रणाचे मर्म ह्या परस्परसाहाय्यात आहे. नुसत्या मिसळीत नाही.

ह्याच तत्त्वाचा विस्तार पुढे पोलादी पत्र्याच्या नळात झाला. पातळ पत्र्याचे नळकांडे पाणी अडविते, त्यावर ताणून गुंडाळलेली सळई दाब सोसते, आणि आतबाहेर सिमेंटच्या गिलाव्याचा लेप दोघांस गंजापासून वाचवितो. महाराष्ट्रातील पाणीपुरवठा योजनांत हे नळ पुष्कळ वापरले गेले आहेत. अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटचा नळ हाही संमिश्रच. परंतु तो ठिसूळ असतो, शिवाय कापताना उडणारे तंतू फुप्फुसास घातक ठरतात, हे सिद्ध झाल्यावर अनेक देशांनी त्याचा त्याग केला. घरगुती वापरासाठी दोन प्लॅस्टिकच्या थरांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा असलेला नळही निघाला आहे. प्रस्तुत विवेचन मुख्यतः काचतंतू व राळ (रेझिन) ह्यांच्या नळाविषयी आहे.

हा नळ अमेरिकेत १९४८ च्या सुमारास खनिज तेलाच्या उद्योगात प्रथम वापरात आला, कारण तेलासोबत येणारे खारे पाणी लोखंडास थोड्याच काळात खाऊन टाकी. भारतात नाशिक जिल्ह्यात गोंदे येथील ग्रॅफाइट इंडियाच्या कारखान्यात व गोव्यात ह्या जातीचे नळ तयार होत आले आहेत. त्याची घडण समजण्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. ६०० मिलिमीटर व्यासाच्या व १० मिलिमीटर जाडीच्या नळात ६० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब असेल, तर नळाच्या भिंतीत परिघाच्या दिशेने चौरस मिलिमीटरला सुमारे १८ न्यूटन ताण उत्पन्न होतो. काँक्रीट ३ न्यूटनांच्या आसपासच तडकते. राळ ६० ते ७० न्यूटन सोसते, पण दीर्घकाळ भार राहिला की हळूहळू सरकते. काचेचा बारीक तंतू मात्र २,००० न्यूटनांहून अधिक ताण सोसतो. काच ठिसूळ असते, हा नित्याचा अनुभव खरा आहे; पण तो काचेच्या पृष्ठावरील सूक्ष्म चिरांचा परिणाम होय. केसाहून बारीक तंतूवर मोठी चीर असूच शकत नाही. शिवाय असे हजारो तंतू राळेत पोहत असल्यामुळे एक तुटला तरी त्याचा भार शेजारचे वाटून घेतात.

दोन्ही टोके बंद असलेल्या नळकांड्यात परिघी ताण हा अक्षीय ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. दोन्ही दिशांचा ताण एकाच तंतूने यथाप्रमाण घ्यावा असे वाटत असेल, तर तो अक्षाशी ५४ अंश ४४ मिनिटांचा कोन करून गुंडाळला पाहिजे, कारण ह्याच कोनाच्या स्पर्शिकेचा वर्ग २ येतो. टाक्या व तेलाचे नळ ह्या कोनाने गुंडाळतात. जमिनीत पुरलेल्या पाण्याच्या नळाची गोष्ट निराळी आहे. त्याचे सांधे रबरी कड्यांच्या बाह्यांनी, म्हणजे कपलिंगने, जोडलेले असतात. त्यामुळे अक्षीय ताण जवळजवळ पोहोचतच नाही. म्हणून येथे लांब तंतू परिघाच्याच दिशेने घेतात आणि अक्षाच्या दिशेची अल्प गरज तुकडे केलेल्या तंतूंनी भागवितात.

सलग गुंडाळणीची पद्धत डेन्मार्कमध्ये विकसित झाली. तिची युक्ती पाहण्याजोगी आहे. फिरत्या दांड्याभोवती पोलादी पट्टी वेटोळ्यांनी गुंडाळलेली असते. ती पुढे सरकत जाते, टोकाशी आत वळते आणि पोकळीतून मागे परत येते. अशा रीतीने कधीही न संपणारा, सदैव पुढे चालणारा साचा मिळतो. त्यावर प्रथम राळेने समृद्ध असा आतील थर बसतो. ह्याचे काम पाणी अडविण्याचे व रासायनिक आघात सोसण्याचे; त्याची जाडी मिलिमीटर-दीड मिलिमीटर असते. त्यावर तंतू, तंतूंचे तुकडे व राळ ह्यांचा बलवान थर येतो, आणि त्याच्या मध्यभागी सिलिका वाळू पेरलेली असते. स्वस्ताईसाठी वाळू घातली, अशी शंका कोणी घेईल. ती अगदीच निराधार नाही. परंतु वाळूचे खरे प्रयोजन जाडी वाढविण्याचे आहे. वाकविताना भिंतीच्या मध्यावर ताण जवळजवळ नसतो, तो कडांवर असतो. म्हणून महाग तंतू कडांना ठेवून मध्ये वाळू भरली की थोड्या खर्चात ताठरपणा पुष्कळ वाढतो. शेवटी बाह्य संरक्षक थर येतो. उत्प्रेरकामुळे व उष्णतेने राळ घट्ट होते, आणि साचा चालता असतानाच करवतीने नळ हव्या त्या लांबीचा, बहुधा बारा मीटरांचा, कापला जातो. कारखान्यातून निघण्यापूर्वी दाबाचे नळ त्यांच्या नियत दाबाहून पुष्कळ अधिक दाबाने तपासले जातात.

पन्नास वर्षे टिकेल असे म्हणताना पन्नास वर्षे कोणी वाट पाहिलेली नसते, हे वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. त्यासाठी अनेक नमुने निरनिराळ्या ताणाखाली, सांडपाण्याच्या नळांच्या बाबतीत आत गंधकाम्ल भरून, १०,००० तासांपर्यंत म्हणजे चौदा महिन्यांहून किंचित कमी काळ ठेवले जातात. कोणता नमुना केव्हा फुटला ह्याची रेषा आखून ती पन्नास वर्षांपर्यंत वाढवितात. हा अंदाजच आहे, पण मोजमापावर उभारलेला आहे.

ह्या नळाचे पर्यावरणीय उपयोग मुख्यतः तेथे आहेत, जेथे वाहणारे द्रव्य स्वतःच नळाचा शत्रू असते. सांडपाण्याच्या काँक्रीट गटारांची छते का ढासळतात, हे मेलबर्न येथील पार्कर यांनी १९४५ मध्ये उलगडून दाखविले. तळाच्या शेवाळी थरातील जीवाणू सांडपाण्यातील सल्फेटापासून हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. तो वर चढून छताच्या ओलाव्यात मुरतो. तेथे दुसऱ्या जातीचे जीवाणू त्याचे गंधकाम्ल करतात. आणि त्या आम्लाने सिमेंटचे जिप्सम होऊन ते पिठाप्रमाणे गळू लागते. ज्या देशाने ह्यूम नळ जगास दिला, त्याच देशात त्याच्या मृत्यूचे कारणही सापडावे, हा योग मोठा विलक्षण आहे. राळेच्या आतील थरावर ह्या आम्लाचा प्रभाव फारसा पडत नाही. गळकी गटारे म्हणजे भूजलात मिसळणारे मलजल होय. रेणापूरसारख्या गावी, जेथे उन्हाळ्यात विंधनविहिरीवाचून गत्यंतर नसते, तेथे हा प्रश्न आरोग्याचा आहे.

दुसरे क्षेत्र साखर कारखानदारीचे. तालुक्यात निवाडा येथे रेणा सहकारी साखर कारखाना आहे आणि मांजरेचे सारे खोरे उसासाठी प्रसिद्ध आहे. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे सांडद्रव्य, ज्यास स्पेंट वॉश म्हणतात, आम्लधर्मी असते व कढत बाहेर पडते. त्यातील प्राणवायूची रासायनिक मागणी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या आसपास असते. म्हणजे थोडेसे सांडले तरी ओढ्यातील जीवसृष्टी गुदमरते. अशा द्रव्यासाठी साधी पॉलिएस्टर राळ पुरत नाही; व्हिनिल एस्टर जातीची राळ व बोरॉनरहित काच निवडावी लागते. निवड चुकली तर आम्ल व ताण ह्यांच्या संयुक्त आघाताने तंतूच तुटू लागतात आणि बाहेरून काहीही न दिसता नळ एके दिवशी फुटतो.

तिसरा उपयोग विजेच्या बचतीचा असून त्याकडे सहसा लक्ष जात नाही. जुन्या लोखंडी नळाच्या आत गंजाचे उंचवटे वाढतात. हेझन-विल्यम्सच्या सूत्रातील गुणांक अशा नळासाठी १०० धरला व काचतंतूच्या नळासाठी १४५ धरला, तर तेवढ्याच व्यासात तेवढेच पाणी नेताना घर्षणात जाणारी उंची जवळजवळ निम्म्यावर येते. विजेच्या खंडाशीही ह्या नळाचे नाते आहे. पंप अकस्मात बंद पडला की नळात दाबाची लाट उसळते. पाण्याचा वेग सेकंदास एक मीटर असता पोलादी नळात ती सुमारे १०० मीटर उंचीइतकी भरते. काचतंतूचा नळ किंचित फुगून ती जवळपास निम्म्यावर आणतो. जेथे वीज सांगून जात नाही, तेथे हा गुण लहान नव्हे.

आता काळ्या मातीकडे वळले पाहिजे, कारण नळाचे भवितव्य तिच्या हाती आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून झालेल्या ह्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचे खनिज असते. पाणी पिऊन ते फुगते, सुकले की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल अशा भेगा पडतात व पहिल्या पावसाने त्या मिटतात. ह्या उघडझापीने पाटांचे अस्तर तडकते आणि सिमेंटच्या नळांचे कडक सांधे सुटतात. ओली काळी माती विजेची वाहक असल्यामुळे उघड्या लोखंडास गंजही लवकर चढतो. काचतंतूच्या नळास गंज नाही, आणि त्याचे रबरी सांधे काही अंशांपर्यंत वाकतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर हा दुसरा गुण ह्या जिल्ह्यात कोणीही उपेक्षू नये.

इतके वाचून काळ्या मातीवर हाच रामबाण उपाय, असे कोणास वाटेल. परंतु हा नळ लवचिक आहे. काँक्रीटचा नळ मातीचे ओझे स्वतःच्या ताठरपणाने पेलतो. लवचिक नळ ओझ्याखाली किंचित चपटा होतो, त्याच्या कुशी बाहेर येतात, आणि कुशीशी घट्ट भराव असेल तर तो त्यांस रोखून धरतो. अमेरिकेतील आयोवा येथील स्पँगलर यांनी १९४१ मध्ये ह्याचे सूत्र मांडले व १९५८ मध्ये वॉटकिन्स यांच्या सहकार्याने त्यात सुधारणा झाली. त्या सूत्रात चपटेपणास विरोध करणाऱ्या दोन राशी असतात, एक नळाची व एक मातीची. मीटरवर्गास २,५०० न्यूटन ताठरपणाचा नळ घेतला, तर नळाची राशी सुमारे २० येते; नीट ठोकलेल्या मुरमाची राशी ४२५ च्या घरात जाते. म्हणजे ओझे पेलण्यात नळाचा वाटा एक आणा मानला, तर मुरमाचा वाटा एक रुपयाहून अधिक आहे. नळावर दीड मीटर माती असेल तर अशा भरावात नळ व्यासाच्या सुमारे एक टक्का चपटा होतो. त्याच चरात निघालेली काळी माती तशीच ढकलून दिली, तर मातीची राशी २० वर उतरते आणि चपटेपणा दहा टक्क्यांवर जातो. दीर्घकालीन मर्यादा सामान्यतः पाच टक्क्यांची मानलेली आहे. तिच्या दुप्पट चपटा झालेल्या नळाचे आतील अस्तर चिरते, सांध्यातील रबरी कडे एका बाजूस सैल पडते व गळती सुरू होते.

तात्पर्य, कारखान्यात तीन थरांचा नळ तयार होतो. चौथा थर चरात तयार व्हावयाचा असतो आणि तो मुरमाचा असतो. हा थर नसेल तर पहिले तिन्ही व्यर्थ जातात. रेणापूर परिसरात मुरूम दुर्मिळ नाही. काळीच्या थराखाली व माळावर तोच आहे. पण तो खणून, वाहून, चाळून आणावा लागतो, वीतभर जाडीच्या थरांनी टाकून पाणी मारून ठोकावा लागतो, आणि विशेषतः नळाच्या बगलेखाली, जेथे फावडे पोहोचत नाही, तेथे दांडक्याने कोंबावा लागतो. कामाच्या अंदाजपत्रकात नळाची रक्कम मोठी व मुरमाची लहान दिसते. त्यामुळे घाई झाली की काट बसते ती मुरमावर. चरात निघालेली माती चरातच जिरविण्याची सवय लोखंडी नळाच्या काळात फारशी नडली नसेल. येथे मात्र ती नळच निकामी करते. चराच्या भिंती स्वतः मऊ काळीच्या असतील, तर चरही नेहमीपेक्षा रुंद घ्यावा लागतो, नाहीतर मुरूमच मातीत रुतत जातो.

पावसाळ्यात आणखी एक गंमत होते. ज्यांचा खर्च होतो त्यांस ती गंमत वाटत नाही. वर उल्लेखिलेल्या ६०० मिलिमीटरच्या नळाचे वजन मीटरला सुमारे ३६ किलोग्रॅम भरते. तेवढ्याच व्यासाचा ८५ मिलिमीटर जाडीचा काँक्रीट नळ चारशे किलोग्रॅमांवर जातो. हलकेपणामुळे वाहतूक सोपी होते, यारीचे काम कमी होते, हे खरे. परंतु रिकामा नळ चरात उघडा पडलेला असता पाऊस आला, तर तो मीटरमागे ३०० किलोग्रॅम पाणी बाजूस सारतो आणि होडीसारखा वर येतो. काळ्या मातीत चराचे पाणी निचरत नाही, हे येथील कोणताही शेतकरी सांगेल. म्हणून एका दिवसात जेवढा नळ झाकता येईल तेवढाच चर उघडणे श्रेयस्कर.

ह्या नळाचे दोषही नमूद केले पाहिजेत. घट्ट झालेली राळ पुन्हा वितळत नाही, पी. व्ही. सी. किंवा पॉलिथिलीनप्रमाणे भंगारातून नवा नळ होत नाही. तुकडे सिमेंटच्या भट्टीत जाळणे, एवढाच काहीसा रुळलेला मार्ग आहे. तयार करताना स्टायरीनची वाफ सुटते. कामगारांसाठी वायुवीजनाची व्यवस्था चोख नसेल, तर पर्यावरणाच्या नावाने बनणारी वस्तू तिच्या घडविणाऱ्यांनाच बाधते. काचतंतूच्या जागी वनस्पतिज तंतू घालण्याचे प्रयत्न ह्याच विचारातून झाले. चीनमध्ये बांबूच्या पातळ पट्ट्या राळेत भिजवून साच्यावर गुंडाळलेले मोठे नळ तयार करण्यात आले आहेत. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातील लोदगा येथे बांबूच्या लागवडीचे काम अलीकडे नेटाने चालले आहे, त्या दृष्टीने हा विषय येथील अभ्यासकांस जवळचा वाटेल. बांबूच्या नळास ओलाव्यापासून जपणे हा त्यातील खरा कूटप्रश्न आहे, आणि काळ्या मातीचा ओलावा चार महिने हटत नाही.

चौथा थर नीट झाला की नाही, हे झाकलेल्या चराकडे पाहून कळत नाही. ते नळाच्या आतून कळते. भराव पूर्ण होताच आतील उभा व्यास मोजून ठेवावा. मोठ्या नळात माणूस काठी घेऊन आत जाऊ शकतो. लहान नळातून ठरलेल्या मापाचा लाकडी गोळा दोरीने ओढतात, तो अडकला की जागा सापडली. हेच मोजमाप एक पावसाळा उलटल्यावर दिवाळीच्या सुमारास व पुन्हा चैत्रात, जेव्हा काळीला भेगा पडलेल्या असतात, करावयाचे असते. तीन मापांत फरक अल्प असेल तर मुरूम चरात खरोखर पडला आहे. चैत्रातले माप आधीच्या दोहोंपेक्षा पुष्कळ कमी भरले, तर तेवढा भाग उकरून पुन्हा भरण्यास मृगापूर्वी दोन महिने हाती असतात.